नांदेडचे दोन खटले

तारीख ६ एप्रिल २००६. नांदेडच्या पाटबंधारे नगरात तुम्ही सकाळीच पोचला आहात. मध्यरात्रीनंतर एका निवृत्त अभियंत्याच्या घरात स्फोट झाला. दोन तरुण गेले, काही जखमी दवाखान्यात आहेत. पोलिसांनी गल्ली अडवली आहे आणि अलीकडे उभ्या असलेल्या गर्दीत ज्याचं त्याचं उत्तर तयार आहे.

"फटाक्यांचा साठा होता म्हणं घरात."

"फटाक्यानं माणसं मरतेत का असे?"

तुम्ही सवयीनं खिशातला मोबाइल काढता, पण त्यावर बघायला काही नाही. मराठीत चोवीस तास बातम्या देणारी वाहिनीच अजून नाही. 'झी २४ तास' यायला पुढचं वर्ष उजाडेल. उद्याचा पेपर येईपर्यंत शहराकडे फक्त कानावर आलेलं आहे. आणि तेवढ्यावर मत बनूनही जातं. हिंदू वस्तीत एक, मुस्लिम वस्तीत दुसरं. पेपर आला की लोक त्यात आपल्या मताला आधार शोधतात. पोलीस जिवंत बॉम्ब सापडल्याचं सांगतात, तपास एटीएसकडे जातो, पुढे सीबीआयकडे. स्फोट बॉम्ब बनवताना झाला, आरोपींचा संबंध हिंदुत्ववादी संघटनांशी आहे आणि धागा परभणी, पूर्णा, जालन्याच्या मशिदींवरच्या २००३-०४ च्या हल्ल्यांपर्यंत जातो, असं तपास यंत्रणांचं म्हणणं. फटाक्यांवर विश्वास ठेवणारे ते मानत नाहीत. बॉम्बवर ठेवणारे पुराव्याची वाट बघत नाहीत.

आता एसटीत बसा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरा. चाकूर मागे पडताना लक्षात घ्या की देशाचे गृहमंत्री शिवराज पाटील याच गावचे, आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरजवळच्या बाभळगावचे. त्यामुळे गंजगोलाईत चहा घेताना तुमच्या कानावर तपासाच्या तपशिलापेक्षा वेगळाच प्रश्न पडतो: "याचा फायदा कोणाला?" तिथं कोणी स्फोट झालेलं घर पाहिलेलं नाही, तरी खटल्याचा निकाल चहाच्या टेबलावर लागतो. राजकीय खटल्याचं हे मला सगळ्यात घातक वाटतं. आरोपी कोण, यापेक्षा आरोपीचा गट कोणता, हे आधी विचारलं जातं.

सहा वर्षं पुढे या. ऑगस्ट २०१२ संपत आला आहे. विलासरावांना जाऊन पंधरवडा उलटलाय, लातूर अजून सावरलेलं नाही. इकडे नांदेडात एटीएस काही मुस्लिम तरुणांना पकडते. नेते, पोलीस, पत्रकार यांच्या हत्येचा कट आणि लष्कर-ए-तोयबाशी संबंध, असा आरोप. या वेळी तुमच्यासमोर वाहिन्या आहेत. पडद्यावर आरोप फिरत राहतो आणि तुमच्या शेजारी बसलेला माणूस तो ऐकता ऐकताच शिक्षा सांगून मोकळा होतो. २००६ मध्ये "तपास तर होऊ द्या" म्हणणारा हाच माणूस. आणि त्या वेळी घाई केलेला दुसरा आता "पुरावा कुठंय?" विचारतो.

न्यायाधीश असल्या बातम्यांनी वाहवत जात नाहीत, असं आपण म्हणतो. मान्य करू. पण खटला नुसत्या न्यायाधीशावर चालत नाही. तो साक्षीदारावर, पंचावर, ओळख परेडवर चालतो. आरोपीचा चेहरा आधीच छापून आला किंवा पडद्यावर दिसला, की ओळख परेडला अर्थ उरत नाही. साक्षीदारानं घटनास्थळी पाहिलेला माणूस ओळखला की पेपरातला फोटो, हे कोण सांगणार? म्हणजे गाजावाजा निर्दोष माणसाला भोवतो आणि खऱ्या गुन्हेगाराच्या वकिलाच्या हातात पळवाटही देतो. पंचसुद्धा त्याच गल्लीत राहतो. गल्लीनं ठरवलेल्या निकालाच्या विरुद्ध बोलायला त्याला किती बळ लागत असेल, याचा विचार आपण करत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सहारा प्रकरणात, खटल्याला खरा धोका असेल तर वार्तांकन काही काळ पुढं ढकलण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, असं सांगितलं. नांदेडच्या चहाच्या हॉटेलात मात्र अशा आदेशाचा काही उपयोग नाही.

१५ जून २०२१ ला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयात या. २०१२ च्या त्या अटकांच्या खटल्यातल्या पाचपैकी तिघांना दहा वर्षांची शिक्षा होते. नांदेडचे दोघे पुराव्याअभावी सुटतात. मधल्या जवळपास नऊ वर्षांतला बहुतेक सगळा काळ त्यांनी तुरुंगात काढलेला आहे. सुटकेचा कागद हातात आहे, पण गेलेली वर्षं कोणी भरून देत नाही.

आणि ४ जानेवारी २०२५. नांदेडचं सत्र न्यायालय. पाटबंधारे नगरचा खटला अठरा वर्षांनी संपतो. ४९ साक्षीदार तपासले गेले. तो बॉम्बस्फोट होता हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. हयात असलेले नऊही आरोपी निर्दोष सुटतात. तुम्ही बाहेर येता. मोबाइलवर बातमी आहे, खाली मतांचा पूर आहे, आणि २००६ च्या त्या सकाळी गर्दीत ऐकलेली दोन्ही मतं जशीच्या तशी आहेत. साक्षी-पुरावे काय झाले, तपास कुठं कच्चा राहिला, परभणी-जालन्यात जखमी झालेल्यांना उत्तर कोण देणार, हे विचारणारे फार थोडे.

संपादकांना माझी एकच विनंती आहे. अटकेच्या दिवशी ज्या पानावर, जेवढ्या अक्षरांत नाव छापलं, त्याच पानावर तेवढ्याच अक्षरांत निकालही छापा, मग तो शिक्षेचा असो की सुटकेचा. आणि वाचकांनो, तो छापला नाही तर पत्र लिहून विचारा, का नाही छापला.