निगेटिव्ह कोणाकडे? : घरच्या फोटोंचा दीडशे वर्षांचा प्रवास

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या शहरांतल्या जुन्या मराठी घरांत एक वस्तू हमखास सापडते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तपकिरी फोटो. मधे खुर्चीवर पगडीवाले आजोबा, शेजारी नऊवारीतल्या आजी, मागे उभी मुलेबाळे आणि खाली स्टुडिओचे नाव. त्याच घरातल्या मोबाइलमध्ये आज वीस-तीस हजार फोटो सहज असतात. तो एक फोटो चार पिढ्या टिकला. हे वीस हजार किती टिकतील, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. उत्तरासाठी मागे वळून एकच गोष्ट विचारावी लागते : मूळ प्रत कोणाच्या ताब्यात होती?

फोटोवाल्याची कोठी

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी. पण आपल्या माळव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव लाला दीनदयाळ यांचे. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले. फोटोचा छंद त्यांना इथेच जडला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहनही त्यांना इथेच मिळाले. पुढे ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, ‘राजा’ ही पदवी मिळाली, सिकंदराबादेत स्टुडिओ उभा राहिला आणि १८९६ मध्ये मुंबईतही.

त्या काळी निगेटिव्ह काचेची असे. जड, ठिसूळ आणि महाग. ती गिऱ्हाइकाला मिळत नसे. स्टुडिओच्या कोठीत राही. म्हणून तर जुन्या फोटोंच्या पाठीवर ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे, हवी तेव्हा प्रत मिळेल’ अशा अर्थाची ओळ छापलेली दिसते. हा शब्द पाळायचा तर क्रमांक लागत. दीनदयाळांच्या अनेक छायाचित्रांत निगेटिव्हवरच क्रमांक घातलेला आहे. १९०५ मध्ये ते वारले. पण क्रमांक होते आणि काचा सांभाळणारे कोणी तरी होते, म्हणून १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राला त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळू शकल्या. जे स्टुडिओ बंद पडले आणि ज्यांच्या काचांना वाली उरला नाही, त्यांच्याकडच्या घराण्यांचे चेहरे त्या काचांबरोबरच गेले.

अल्बमचे दिवस

रोलफिल्म आली आणि कॅमेरा घरात शिरला. अनेक घरांत ॲग्फाचा क्लिक-थ्री होता. हा साधा कॅमेरा आपल्या बडोद्यात तयार होत असे. एका रोलमध्ये बारा फोटो. बाराच असल्याने प्रत्येक खटका विचार करून दाबला जाई. मोठी गोष्ट अशी की निगेटिव्ह आता प्रथमच घरी आली. लॅबच्या पाकिटात ती प्रिंटबरोबर मिळे आणि कपाटात जाई.

अल्बमच्या काळ्या पानांवर चारी कोपरे लावून फोटो बसवले जात आणि खाली कोणी तरी पांढऱ्या शाईने लिही : ‘मंगळागौर’, ‘धाकट्याची मुंज’. त्या चार शब्दांनी फोटोला नाव, गाव आणि नाते मिळाले. आर्द्रता, वाळवी आणि घर बदलण्याच्या धांदलीत पुष्कळ अल्बम गेले, हेही खरे. कारण बहुतेक घरांत प्रत एकच होती आणि तीही एकाच कपाटात.

फोटो ढगात गेला

१९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. १९९५ मध्ये ‘एक्झिफ’ नावाची पद्धत ठरली. तिच्यामुळे फोटो काढल्याची तारीख, वेळ आणि पुढे ठिकाणही त्या फाइलमध्येच लिहिले जाऊ लागले. अल्बममधली पांढरी शाई जणू यंत्राच्या हाती गेली. माणसाचे नाव मात्र यंत्राला ठाऊक नव्हते.

फोटो प्रथम संगणकात, मग सीडीवर, मग हार्डडिस्कवर साठले. नंतर क्लाऊड आला, म्हणजे दूरवरच्या कंपनीचे संगणक. ॲपलचा आयक्लाऊड २०११ मध्ये, गूगल फोटोज २०१५ मध्ये. गूगलने थोड्या कमी दर्जाचे फोटो अमर्याद आणि फुकट ठेवण्याची सोय दिली आणि लाखो घरांनी आपली कपाटे तिकडे रिकामी केली. १ जून २०२१ पासून ती सोय संपली. नवे फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जाऊ लागले. त्याआधी ऑर्कुट २०१४ मध्ये आणि पिकासा २०१६ मध्ये बंद झाले होते. खुद्द कोडॅकची ऑनलाइन गॅलरीही २०१२ मध्ये मिटली. फ्लिकरने २०१८ मध्ये फुकट खात्यांवर एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली.

म्हणजे चक्र पूर्ण फिरले. निगेटिव्ह पुन्हा फोटोवाल्याच्या कोठीत गेली. फक्त ही कोठी आपण पाहिलेली नाही आणि तिचे नियम मालक बदलू शकतो.

जुळवणी वेगळी, जपणूक वेगळी

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. क्लाऊडमध्ये जे ‘सिंक’ होते ती जुळवणी आहे. फोन, टॅब्लेट आणि कंपनीचा संगणक या तिन्ही ठिकाणी चित्र सारखे ठेवणे एवढेच तिचे काम. म्हणून फोनची जागा मोकळी करायला एखाद्याने फोटो पुसले, तर ते सगळीकडून पुसले जाऊ शकतात. कचरापेटीत ते काही दिवस राहतात : आयक्लाऊडमध्ये साधारण ३०, गूगलमध्ये ६०. मग कायमचे जातात. जपणूक म्हणजे अशी वेगळी प्रत, जिला इथल्या पुसण्याचा पत्ताच लागत नाही.

आपल्यासारख्या घरांना आणखी दोन अडचणी येतात. जुना फोटो स्कॅन केला की फाइलवर स्कॅन केल्याचीच तारीख बसते. आजोबांचे १९४८ मधले लग्न २०२३ च्या रांगेत जाऊन उभे राहते. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचा आकार घटतो, त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही गळते. पुणे, इंदूर आणि न्यू जर्सी असा विखुरलेला परिवार आज मुख्यतः याच वाटेने फोटो पाठवतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत क्लाऊडमध्ये, एक घरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडच्या डिस्कवर. जुन्या फोटोंच्या फाइलला ‘१९४८_लग्न_इंदूर’ असे साल आधी घालून नाव द्यावे. कंपनी बदलली तरी फाइलचे नाव फाइलबरोबर जाते. शिवाय गूगलचे खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते पुसले जाऊ शकते. म्हणून आपल्या पश्चात खाते कोण पाहणार, हे त्यात नोंदवून ठेवावे. गूगल आणि ॲपल दोन्हीकडे तशी सोय आहे.

दीनदयाळांच्या काचा टिकल्या त्या क्रमांकांमुळे आणि सांभाळणाऱ्या हातांमुळे. आपल्या फोटोंनाही हेच दोन लागतील. तारखा यंत्र लिहील, चेहरे जुळवूनही देईल. पण पगडीवाल्यांच्या उजवीकडे उभी असलेली ती मुलगी म्हणजे उज्जैनला दिलेली आत्या, हे सांगणारी माणसे घराघरांत एक-दोनच उरली आहेत. गणपतीत सारे घर एकत्र जमते. एखाद्या दुपारी जुना अल्बम त्यांच्यासमोर ठेवा, नावे विचारा आणि लिहून घ्या. डिस्क पुढच्या वर्षीही विकत मिळेल.