माळढोक आणि माळावरील शेती : एका अभयारण्याचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या उस्मानपुरा भागातून नगरच्या रस्त्याने निघालेला प्रवासी कायगाव टोके येथे गोदावरी ओलांडून नेवासे तालुक्यात प्रवेश करतो. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने माळढोक पक्ष्याच्या रक्षणार्थ जे अभयारण्य घोषित केले, त्यात नगर जिल्ह्यातील नेवासे, कर्जत व श्रीगोंदे आणि सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढे व करमाळे या तालुक्यांतील प्रदेशाचा समावेश होता. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. अभयारण्य म्हटले की निर्मनुष्य अरण्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु येथे गावे होती, बाजारपेठा होत्या आणि मुख्यतः शेतकऱ्यांची खासगी जमीन होती. या विसंगतीतच पुढील संघर्षाचे मूळ आहे.

दख्खनच्या माळावर हा पक्षी एके काळी विपुल होता. मुंबई सरकारच्या सेवेत राहून दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स याने तो येथे सामान्यपणे आढळत असल्याचे नमूद केले आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एवढ्या संहारानंतरही पक्षी टिकून राहिला, याचे कारण त्याचे निवासस्थान शाबूत होते.

ते निवासस्थान कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माळढोक दाट वनात राहत नाही. त्याला उघडे, अल्प गवताचे माळरान लागते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. टोळ, भुंगेरे, सरडे यांबरोबरच धान्य, भुईमुगाच्या शेंगा व बोरेही तो खातो. सोलापूरकडील कोरडवाहू शेती या गरजांशी सुसंगत होती. रब्बी ज्वारी हे तेथील प्रमुख पीक. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी वाण याच भूमीचे. पावसाळ्यात, म्हणजे पक्ष्याच्या विणीच्या दिवसांत, रब्बीची पुष्कळशी राने पेरणीची वाट पाहत मोकळी असत आणि गायरानांवर गवत वाढे. थोडक्यात, शेतकरी पक्ष्यासाठी म्हणून काही करीत नव्हता. तथापि त्याच्या पीकपद्धतीतच पक्ष्याच्या जीवनाला अवकाश होता.

या संदर्भात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात या कार्यक्रमाखाली नान्नज परिसरातील काही माळ चराईपासून राखण्यात आले. मृदसंधारण व चाऱ्याची वाढ हा त्यामागील हेतू होता. परंतु राखलेल्या गवताचा आश्रय माळढोकाने विणीसाठी घेतला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८० नंतर केलेल्या अभ्यासातून अशा राखीव गवताळ तुकड्यांचे महत्त्व स्पष्ट झाले. गुरांच्या चाऱ्यासाठी झालेले काम पक्ष्यालाही उपकारक ठरले, ही घटना शेती व वन्यजीव यांच्या परस्परसंबंधाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

याउलट कायद्याचा परिणाम झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क संपादन करता येत नाही. अरण्याच्या बाबतीत हे बंधन समजण्यासारखे आहे; परंतु हजारो चौरस किलोमीटर शेतजमिनीवर ते लागू झाले, तेव्हा खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले. मुलीच्या लग्नासाठी वा विहिरीसाठी जमीन विकू पाहणाऱ्या शेतकऱ्याला पक्षी हाच अडथळा वाटू लागला. मध्य प्रदेशातील करेरा येथेही असेच घडले. १९८१ साली तेथे स्थापन झालेल्या अभयारण्यात जमिनीवरील निर्बंधांमुळे लोकक्षोभ वाढला आणि १९९० नंतरच्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला.

महाराष्ट्रात क्षेत्राची पुनर्रचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्याइतके, उरले. परंतु दरम्यानच्या तीन दशकांत शेतीच पालटली होती. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. भीमेचे पाणी पोहोचले तेथे ज्वारीची जागा उसाने घेतली, विहिरी खोल गेल्या, माळ नांगराखाली आले. उंच, दाट उसात माळढोकाला ना दृष्टी मिळते ना संचार. म्हणजे कायद्याने जमिनीची विक्री रोखली, परंतु पिकाचा पालट रोखला नाही. आणि पक्ष्याचे भवितव्य ठरविले ते पिकाच्या पालटाने. २०११ साली ही जाती जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. आज भारतात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते व त्यांतील बहुसंख्य राजस्थानात आहेत.

या दोषाचे खापर शेतकऱ्यावर फोडणे अन्याय्य होईल. दुष्काळी प्रदेशातील कुटुंबाने पाणी मिळताच नगदी पिकाकडे वळावे, हे स्वाभाविकच होते. उणीव होती ती कोरडवाहू ज्वारी, गायरान व पडीत राने टिकविणाऱ्यास मोबदला देणाऱ्या व्यवस्थेची. निषेधाची तरतूद झाली, सहभागाची झाली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयात विपुल सामग्री उपलब्ध होण्यासारखी आहे. सातबाराच्या पीकपाहणीच्या नोंदी, गायरानांच्या वाटपाचे दप्तर आणि राजपत्रातील अधिसूचना ही साधने गावनिहाय एकत्र वाचली, तर कोणत्या माळावरून पक्षी केव्हा गेला आणि त्याआधी तेथील शेतीत काय बदलले, याचा क्रम लावता येईल. दख्खनच्या कृषी-इतिहासाचे ते एक आवश्यक प्रकरण ठरेल. आणि जेथे थोडे माळ अद्याप शिल्लक आहेत, तेथील धोरणालाही त्याचा उपयोग होईल.