पदक आणि व्याख्यान : अभियंत्यांच्या गौरवाची कुळकथा

इंग्लंडमध्ये अभियंत्याच्या गळ्यात पदक घातले ते आधी शास्त्रज्ञांनी. जॉन स्मीटनला १७५९ साली रॉयल सोसायटीचे कॉपली पदक मिळाले. त्याच वर्षी त्याचे एडिस्टनचे दीपगृह पुरे झाले होते, पण पदक होते पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवरील प्रयोगांसाठी. बांधकामाची कदर करणारी संस्था अजून जन्मायची होती.

ती १८१८ मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात मोजक्या तरुणांनी काढली : इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स. तिचा पहिला अध्यक्ष टॉमस टेलफर्ड हा मेंढपाळाचा मुलगा, मूळचा पाथरवट. १८३४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने संस्थेसाठी रक्कम ठेवली होती. तिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिके द्यायची होती. टेलफर्ड पदक त्यातूनच निघाले. नुसता पूल किंवा बंदर बांधून ते मिळत नसे. त्यावर निबंध लिहावा लागे. पाया कसा घेतला, भराव कुठे खचला, ही माहिती तोवर उस्तादाकडून उमेदवाराकडे बहुधा तोंडीच जाई. पदकाच्या ओढीने ती कागदावर उतरू लागली, आणि प्रथेची खरी कमाई तीच.

व्याख्यानाची जोड पुढे मिळाली. संस्थेचे दीर्घकाळ चिटणीस असलेल्या जेम्स फॉरेस्ट यांच्या नावाची व्याख्यानमाला १८९३ पासून सुरू झाली. विषय, विज्ञान आणि अभियांत्रिकी यांचे नाते.

महाराष्ट्रात ही रीत रेल्वेच्या वाटेने आली. मुंबई-ठाणे मार्ग बांधणारे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी १८६० मध्ये भारतीय रेल्वेवरचा निबंध लंडनच्या याच संस्थेत वाचला होता. बोरघाटाचा मार्ग खुला होण्याआधीच, १८६२ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचे पारितोषिक १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातील मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पटकावले. पुढे खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे ते हेच.

त्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, १९६८ पासून भारतात अभियंता दिन पाळला जातो. त्या दिवशी शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाहुण्यांचे भाषण असा बेत ठरलेला असतो. सत्कारमूर्तीने आपले काम लिहून मांडावे, अशी अट सहसा नसते. टेलफर्ड पदक मात्र आजही निबंधालाच दिले जाते.