जगात जर्मनी, मध्ये सेन्सॉर

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण ज्या कोणी काढली, त्याला परभणीकरांनी भर चौकात फेटा बांधायला हवा. म्हणीचा अर्थ मात्र आजवर एकाही परभणीकराने मला धड सांगितलेला नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "अर्थ कशाला पाहिजे? जर्मनी ती जर्मनी अन् परभणी ती परभणी!" असल्या उत्तरापुढे इतिहासही हात टेकतो. पण इतिहासात या दोघांची एकदा गाठ पडली होती, आणि त्या भेटीत एक तिसराही होता. सेन्सॉर!

त्याचं असं झालं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. आजचा हिंगोली जिल्हाही १९९९ पर्यंत परभणीतच होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांनी आपल्या हिंदी लष्करात मिसळून टाकली. छावणी गेली, रिसाला बाजार, तोफखाना ही मोहल्ल्यांची नावं तेवढी उरली. याच फौजेतून निघालेला, शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान स्वारांचा '२० डेक्कन हॉर्स' हा रिसाला १९१४ साली फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईत एका गोऱ्या रिसाल्याच्या जोडीने त्याने भाले सरसावून जर्मनांवर घोडी घातली. मशीनगनच्या जमान्यात भाले!

शिवाय निजामाने दिलेल्या पैशातून इंग्रजांच्या ११० व्या स्क्वाड्रनला विमानं मिळाली आणि १९१८ मध्ये ती जर्मनीवर बॉम्ब टाकून आली. निजामाच्या तिजोरीत आमच्या जिल्ह्याचा शेतसाराही जात होताच. म्हणजे परभणीची ज्वारी अंशतः जर्मनीवर आकाशातून पडली म्हणायची. (बीड-नांदेडकरांनी यात हिस्सा मागू नये. म्हण आमची आहे.)

पण मला सांगायचंय ते पत्रांबद्दल. त्या युद्धात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसं फ्रान्सला गेली. १९१५ च्या सुरुवातीला तिथून आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं हिंदुस्थानात येत. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला कुणी शिकलेला गडी लिहून देई, इकडे गावातला कुणी शिकलेला वाचून दाखवी. म्हणजे गुपित असं फारसं उरायचं नाहीच. आमच्या लहानपणी पोस्टकार्डाचं काय वेगळं होतं? आधी पोस्टमन वाचायचा, मग ओट्यावरचे तात्या, मग शेजारच्या काकू. ज्याचं कार्ड त्याला, "मुलगी झाली बरं का, दोघी खुशाल आहेत," असं सांगूनच ते हाती दिलं जाई. सेन्सॉर आम्हाला नवा नव्हता. पगारी सेन्सॉर नवा होता.

सरकारने तो नेमला. कॅप्टन एव्हलिन हॉवेल त्याचं नाव. तो आणि त्याची चार माणसं बूलोनला बसून पत्रं चाळत, मासलेवाईक मजकुराचं इंग्रजी करीत आणि अहवाल लंडनला धाडीत. शिपायांना याचा वास लागायला वेळ लागला नाही. मग पत्रांत स्वयंपाकघर शिरलं. एकाने घरी कळवलं की इथली काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरताहेत, पण तिला काळीसारखा तिखटपणा नाही. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे! आमच्या आजीला हे पत्र गेलं असतं, तर तिने पोराची आबाळ होते म्हणून शेरभर मिरीचं पार्सल धाडलं असतं. सेन्सॉरला मात्र मसाला बरोबर कळला.

याच हॉवेलसाहेबाने १९१५ च्या जानेवारीत नोंदवून ठेवलंय की, शिपाई पत्रांतून कविता करू लागलेत आणि हे मन ठिकाणावर नसल्याचं लक्षण दिसतं. ही कसोटी आमच्याकडे लावली तर जनाबाईंचं गंगाखेड, नामदेवांची नरसी, बी. रघुनाथांचं सातोना असा सबंध मुलूखच दवाखान्यात न्यावा लागेल.

पण साहेबाचं निदान चुकलं नव्हतं. पत्रं बहुतेक पंजाबकडची. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच. सुरुवातीला सरकारच्या मिठाला जागण्याची भाषा होती. मग कुणी लिहिलं, हे युद्ध नव्हे, हा महाभारताचा संहार आहे; कुणी लिहिलं, कयामत आहे. आणि पुष्कळांची एक तक्रार होती. एकदा जखमी झालो, रक्त सांडलं, मिठाचा हिशेब फिटला. मग दवाखान्यात बरं करून पुन्हा खंदकात का धाडता? या माणसांनी राजकारणावर एक भाषण ऐकलेलं नव्हतं. पण सरकारला विचारण्याजोगा याहून अवघड प्रश्न मला तरी सुचत नाही. याच्याच पुढे काही जण हळूच लिहीत, धाकट्याला भरतीला पाठवू नका. अशी ओळ सापडली की पत्र अडकलं.

जी पत्रं सुटली ती गावोगावी पोचली, चार वेळा वाचली गेली, आढ्याला खोचली गेली आणि पुढे बहुतेक वाळवीच्या नाहीतर पावसाच्या हवाली झाली. सेन्सॉरने उतरवून घेतलेले उतारे मात्र टाइप होऊन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली निवडक पत्रं १९९९ साली पुस्तकरूपाने छापलीसुद्धा. आपल्या शिपायांचं मन आज आपल्याला कळतं ते ज्याने ते दाबायचं त्याच्या दप्तरातून, आणि तेही इंग्रजीत!

यात सेन्सॉरचे आभार मानावेत असं कुणी सुचवतं तेव्हा माझी जीभ अडखळते. धाकट्याला पाठवू नका, हे इतिहासकारासाठी लिहिलेलं नव्हतं. ते एका आईसाठी होतं. ते आपल्यापर्यंत आलं; तिला पोचलं नाही. आणि तिने धाकट्यालाही पाठवलं असेल.