या पेटीने काय काय घेतले

तेवीस किलोचा खोका आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावर चढवला. थर्माकोल बाजूला करून काळी पेटी बाहेर काढली, तेव्हा आई शेजारी उभी राहून बघत होती. "रिसीव्हर म्हणजे फोनचा ना रे? मग हा काय घेणार?"

प्रश्न रास्त होता. ही पेटी सिनेमाचा आवाज अकरा स्पीकरांना वाटून देते. काम सगळे देण्याचे आणि नाव घेणाऱ्याचे. हे नाव तिला कुठून मिळाले, याचा माग काढत मी बराच मागे गेलो, आणि आता मला वाटते की नाव बरोबर आहे. एकेक करून तिने काय काय पोटात घेतले, हाच तिचा सगळा इतिहास.

शब्द आला तो तार आणि टेलिफोनच्या घरातून. लहर सोडणारा ट्रान्समीटर, पकडणारा रिसीव्हर. आपण बोलताना त्याला रेडिओ म्हणालो, पण सरकारदरबारी तो रिसीव्हरच राहिला. १९८०च्या दशकापर्यंत आपल्याकडे रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचे नाव होते ब्रॉडकास्ट रिसीव्हर लायसन्स. आजोबांचे ते पोस्टातून आणलेले छोटे पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. आत परवान्याची तिकिटे चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चांगल्या आवाजाचा नाद लागलेली मंडळी वाढली. त्यांच्याकडे सगळे सुटे असायचे. लहर पकडणारा ट्यूनर वेगळा, आवाजाचा पोत सांभाळणारा प्रीअँप्लिफायर वेगळा, स्पीकर हलवायची ताकद देणारा अँप्लिफायर वेगळा. जोडाजोड ज्याची त्याने करायची. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय नाही, त्याच्यासाठी हे दार जवळजवळ बंदच होते. सिडनी हार्मन आणि बर्नार्ड कार्डन या दोघांनी १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली आणि दुसऱ्याच वर्षी 'फेस्टिव्हल डी १०००' नावाची पेटी आणली. तिन्ही वस्तू एकाच डब्यात. हाय-फाय रिसीव्हरांच्या घराण्यातली ही पहिली मानली जाते. आत ट्यूनर होता म्हणून ती रिसीव्हर. ट्यूनर नसता तर तिला अँप्लिफायर म्हटले असते. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो अजून जिवंत आहे.

त्याच १९५४च्या जानेवारीत एडविन आर्मस्ट्राँग या माणसाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी मारून जीव दिला. रेडिओची खरखर घालवणारे एफएम तंत्र त्याचे, १९३३ सालच्या पेटंटांचे. एफएमची शांतता नसती तर रेडिओवर 'चांगला आवाज' ऐकण्यात काही अर्थच उरला नसता. पण १९४५ साली अमेरिकी सरकारने एफएमचा पट्टा उचलून वर, आजच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला, आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेले जुने एफएम संच निकामी झाले. पुढे बड्या कंपनीशी पेटंटचे खटले लढता लढता हा माणूस खचला. आज जोडण्यांची पिढी बदलली की पेट्या जुन्या ठरतात म्हणून आपण चिडतो. त्या दुखण्याचे मूळ इतके जुने आहे.

मग आला दुसरा कान. १९३१ साली लंडनच्या ईएमआय कंपनीतला अ‍ॅलन ब्लमलाइन होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, अशी गोष्ट सांगतात. पडद्यावरचा नट चालत दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याचा आवाज होता तिथूनच येत राहिला. ब्लमलाइन तिला म्हणाला की आवाजाला माणसाच्या मागे चालवायची युक्ती माझ्याकडे आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. म्हणजे दोन कानांची ही विद्या सिनेमाच्या थिएटरात सुचली आणि मग दिवाणखान्यातून हिंडून पुन्हा सिनेमाकडे आली.

एफएमवर स्टिरिओ सुरू झाले ते अमेरिकेत, १ जून १९६१ रोजी. त्यामागची युक्ती साध्या बेरीज-वजाबाकीची आहे. डावा आणि उजवा यांची बेरीज नेहमीच्या जागी पाठवायची, म्हणजे जुना रेडिओवालाही पूर्ण गाणे ऐकेल. दोघांची वजाबाकी वरच्या मजल्यावर, ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर बसवायची. नव्या रिसीव्हरने दोन्ही घेऊन डावा-उजवा पुन्हा वेगळा करायचा. या पेटीच्या पुढच्या जन्मात वजाबाकीच कामाला येणार होती.

सत्तरचे दशक या घराण्याचे वैभवाचे. चंदेरी पत्रा, लाकडी कुशी, निळसर उजळणारी पट्टी. १९७८च्या पायोनिअर एसएक्स-१९८०ची ताकद एका चॅनलला २७० वॅट होती. आमच्या मामाने कुवेतहून आणलेला रिसीव्हर याहून पुष्कळ धाकटा, पण त्याची ट्यूनिंगची कळ मी कधी विसरणार नाही. आत जड चक्र असल्यामुळे हलकी टिचकी दिली की काटा आपल्या आपण पट्टीच्या टोकापर्यंत घरंगळत जायचा. ८८ ते १०८ मध्ये लागायचे मात्र काहीच नाही. देशात एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झाले, पण आपल्याकडे ते घराघरांत पोचायला नव्वदचे दशक उजाडले. मामा मीडियम वेव्हवर विविध भारती लावायचा आणि एफएमचा तो सुंदर पट्टा नुसताच उजळत राहायचा.

आता वजाबाकीकडे येतो. डेव्हिड हाफ्लर या अमेरिकन इंजिनीयरने १९७०च्या सुमारास एक जोडणी लोकप्रिय केली. जास्तीचा स्पीकर घ्यायचा आणि त्याच्या दोन तारा अँप्लिफायरच्या डाव्या-उजव्या लाल टोकांना लावायच्या, काळ्याला हात लावायचा नाही. मग त्या स्पीकरला मिळतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. कॉलेजात असताना एका जुन्या अँप्लिफायरवर मी हे करून पाहिले. मैफलीचे रेकॉर्डिंग लावले. गाणारा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून मागच्या स्पीकरातून तो जवळजवळ नाहीसा झाला. उरली सभागृहाची घुमणूक, टाळ्या, मागच्या रांगेतला कुणाचा तरी खोकला. नवा पैसा न खर्चता भिंतीमागे एक सभागृह उभे राहिले होते. अंगावर काटा आला.

(प्रत्येक अँप्लिफायरवर हा प्रयोग चालत नाही. दोन्ही काळी टोके आतून एकच नसतील तर पेटी जळू शकते. आधी माहितगाराला विचारावे.)

सिनेमाने हेच तत्त्व रीतसर वापरले आणि त्यामागचे नाव आपल्या ओळखीचे आहे. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ भारतात होते, युनेस्कोचे सल्लागार म्हणून, चंडीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत. टेपची सूंऽ खरखर दाबायची त्यांची कल्पना इथल्या मुक्कामातच सुचलेली. १९६५ साली लंडनला जाऊन त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. फिल्मच्या कडेला आवाजासाठी जागा दोनच पट्ट्यांची, आणि पोचवायचे होते चार आवाज: डावा, मधला, उजवा, मागचा. मधला दोन्ही पट्ट्यांत सारखा घातला. मागचा दोन्हींत घातला, पण एकमेकांच्या उलट. बेरीज केली की मधला मिळतो, वजाबाकी केली की मागचा. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये जहाज डोक्यावरून गेल्याचा भास ज्यांना झाला, त्यांच्यातल्या अनेकांना तो या गणिताने झाला.

खरी मौज पुढे आहे. दोन पट्ट्यांत दडवलेला हा मागचा आवाज व्हिडिओ कॅसेटच्या स्टिरिओ पट्ट्यांवरही जसाच्या तसा उतरत होता. तो घरात येऊन पडला होता, उलगडणारा कुणी नव्हता. १९८२ साली डॉल्बी सराउंड या नावाने घरगुती उलगडणी आली. तत्त्वाने ती हाफ्लरचीच वजाबाकी. भर एवढीच की मागचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडायचा, म्हणजे कान पुढच्याला पहिला मान देतो आणि संवाद पडद्यावरच राहतात. १९८७च्या प्रो लॉजिकने मधला स्पीकर दिला. त्याच काळात जपानी कंपन्यांनी रिसीव्हरच्या पाठीवर व्हिडिओची पिवळी भोके पाडली. रेडिओच्या पेटीने चित्र घेतले आणि तिच्या नावामागे 'एव्ही' लागले.

यामाहाने १९८६ साली डीएसपी-१ हे यंत्र काढले, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत काव्यमय वाटते. त्यांचे इंजिनीयर गाजलेल्या सभागृहांत गेले, जवळजवळ ठेवलेल्या चार मायक्रोफोनांनी तिथला प्रत्येक प्रतिध्वनी कोणत्या भिंतीवरून किती वेळाने येतो ते मोजले आणि ते आकडे चिपमध्ये भरले. त्यांच्या रिसीव्हरांच्या मेनूत आजही व्हिएन्नाचे सभागृह सापडते, आणि 'द बॉटम लाइन'सुद्धा. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमधला हा क्लब १९७४ साली उघडला आणि २००४ साली बंद झाला. माझ्या मित्राच्या घरी, सोफ्यासमोरच्या पेटीत, त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत.

पुढची वीस वर्षे भराभर गेली. वजाबाकीची गरज सरली, कारण आकड्यांत प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा पाठवता येऊ लागला. १९९२च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून थिएटरात डॉल्बी डिजिटल, १९९५ला लेझरडिस्कवर, मग डीव्हीडीवर. पाच पूर्ण आवाज आणि एक फक्त खालच्या घुमाराचा, अपुरा, म्हणून ५.१. २००२च्या अखेरीस एचडीएमआय ठरले आणि चित्र-आवाज एका वायरीत आले. २०१२ साली अ‍ॅटमॉस आले, दोन वर्षांनी घरी पोचले. त्यात पावसाचा थेंब 'या स्पीकरचा' म्हणून येत नाही, खोलीतल्या 'या जागेचा' म्हणून येतो. ती जागा कोणत्या स्पीकरांनी मिळून दाखवायची, हे पेटी ठरवते.

तरी भारी रिसीव्हरचे मोठेपण माझ्या मते स्पीकरांच्या संख्येत नाही, वॅटांत तर नाहीच. खोक्यावर छापलेले वॅट बहुधा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेले असतात. मोठेपण आहे ते पेटीने घेतलेल्या आणखी एका गोष्टीत, म्हणजे खोलीत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून २००२ साली ऑडिसी ही कंपनी निघाली. ख्रिस किरियाकाकिस, सुनील भारिटकर, फिलिप हिल्म्स हे संस्थापक, आणि त्यांच्याबरोबर टॉमलिन्सन होलमन, ज्यांनी ५.१ हा शब्द रूढ केला. दिवाणखान्यात एका जागी घुमार दाटतो, दोन हातांवर तो गायब होतो. हे मोजून दुरुस्त करायचे काम त्यांनी पेटीला शिकवले.

आमच्याकडे हे काम रविवारी पहाटे होते. पंखे बंद, फ्रिजचे बटण बंद, दूधवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलेले की बेल वाजवू नको. बोटभर मायक्रोफोन तिपाईवर, बसल्यावर कान जिथे येतो तितक्या उंचीवर. मग एकेका स्पीकरातून सूंप् सूंप् असा चढता आवाज. आठ जागा, प्रत्येक जागी सगळे स्पीकर. मी आणि आई स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभे. पहिल्यांदा पेटीने सबवूफरचे अंतर साडेचार मीटर दाखवले. मी टेप लावला, तो तीनच मीटर होता. चूक वाटून पुन्हा मोजले, पुन्हा साडेचार. नंतर कळले की पेटी फुटपट्टीचे अंतर सांगत नाही, आवाज कानापर्यंत यायला लागलेला वेळ सांगते. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज चार-पाच मिलिसेकंद रेंगाळतो, आणि मीटरभर हवा ओलांडायला आवाजाला तीन मिलिसेकंद लागतात. पेटीचे बरोबर होते, टेपचेही.

इतके घेता घेता एक वस्तू बाहेर निघाली आहे. डेनॉनच्या सर्वांत वरच्या पेट्या युरोपात एव्हीसी या अक्षरांनी विकल्या जातात, अमेरिकेत एव्हीआर म्हणून. युरोपातल्या पेटीत ट्यूनर नाही, म्हणून नावातला रिसीव्हरचा आरही गेला. १९५४चा नियम अजून पाळला जातो, याचे मला अप्रूप वाटते. माझ्या पेटीत ट्यूनर आहे. त्याची तारेची अँटेना चार वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून होती.

गेल्या जूनमध्ये वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि केबलच्या वायरीतून झटका आत आला. टीव्ही वाचला, पेटीने चित्र देणे बंद केले. तापकीर गल्लीतल्या मेकॅनिकने झाकण उघडून भिंग लावले. "साहेब, एचडीएमआयचा बोर्ड गेलाय. बाकी पेटी शाबूत आहे. बोर्ड बाहेरून यायला दीड महिना धरा."

दीड महिना सिनेमा नाही. पेटी घरी आणून जागेवर ठेवली, पुढच्या दोन स्पीकरांच्या तारा कसल्या आणि ती पिशवी फोडली. तारेचे टोक पडद्याच्या दांडीला गुंडाळले. आकडे आपोआप धावले आणि थांबले. विविध भारती. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली.

"वायर जरा खिडकीकडे सरकव. खरखर येतेय."

सरकवली. खरखर गेली.