मंडईतील हमालांची मजुरी व हजेरी : एका मध्यवर्ती व्यवस्थेचा इतिहास

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईची वास्तू १८८६ मध्ये खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला प्रारंभी रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईवरील मोठ्या खर्चास विरोध केला होता. पुढे त्यांचेच नाव या वास्तूस देण्यात आले. हा योगायोग पुण्यात आवर्जून सांगितला जातो. या वास्तूच्या आवारात ज्यांनी ओझी वाहिली, त्यांच्याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. त्यांच्या इतिहासाच्या एकाच अंगाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हमालाची मजुरी कोणी मोजली, त्याची हजेरी कोणी लिहिली आणि या दोन्ही नोंदी एका कचेरीत एकत्र आल्यामुळे काय घडले, एवढाच हा प्रश्न आहे.

वेतन आणि हजेरी यांच्या केंद्रीकरणाचा इतिहास सामान्यतः कारखान्यापासून सुरू होतो. फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे एक प्रमुख कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या सभांतील मागण्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती : महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. पगार आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवला, की मजूर काम सोडून जाऊ शकत नसे आणि सावकाराच्या दारात उभा राही. पगार कोणत्या तारखेला द्यायचा, हे कायद्याने बंधनकारक होण्यास त्यानंतर अर्धशतक लागले. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सातव्या दिवसापूर्वी आणि अन्यत्र दहाव्या दिवसापूर्वी वेतन देण्याचे बंधन घातले.

त्याच सुमारास अमेरिकेत वेळ मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ नोंदविणारे घड्याळ तयार केले. त्यातून उभी राहिलेली कंपनी विलीनीकरणांच्या मालिकेतून १९११ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहात सामील झाली. त्या समूहानेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. संगणकाच्या इतिहासाचा एक धागा असा कारखान्याच्या फाटकापर्यंत जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वातंत्र्योत्तर काळात पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने उभे राहिले आणि टाइम ऑफिस, मस्टर, पंच कार्ड हे शब्द कामगारांच्या बोलण्यात रुळले.

या साऱ्या व्यवस्थेने एक गोष्ट गृहीत धरली होती : फाटक एक आहे, मालक एक आहे. मंडईच्या हमालाला यांपैकी काहीच नव्हते. पहाटे एका आडत्याची गाडी उतरवायची, नंतर दुसऱ्याच्या गोण्या थप्पीला लावायच्या, दुपारी तिसऱ्याचा माल हातगाडीवरून पोचवायचा, असा त्याचा दिवस. त्याचा मालक कोण, असे विचारले तर प्रत्येक व्यापारी दुसऱ्याकडे बोट दाखवू शके. मजुरी नगावर ठरत असल्यामुळे वेळेची नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नसे. जी काही नोंद असे ती व्यापाऱ्याच्या वहीत किंवा मुकादमाच्या स्मरणात. उचल, तूट आणि नजरचूक यांचा हिशेब नेमका याच ठिकाणी मजुराच्या विरुद्ध जात असे.

पुण्यातील हमालांना १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीच्या रूपाने संघटना मिळाली. आढाव हे सत्यशोधक परंपरा मानणारे कार्यकर्ते होते, आणि त्या अर्थाने लोखंडे यांच्या १८८४ च्या मागण्यांशी त्यांच्या कार्याचे नाते केवळ योगायोगाचे म्हणता येणार नाही. दरवाढीसाठी लढा देता येतो, परंतु ज्याची कोठेच नोंद नाही त्याला रजा, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी कोणाकडे मागायचा, ही मूळ अडचण संपाने सुटणारी नव्हती.

तिचे उत्तर बंदरांतील अनुभवातून आले. गोदी कामगारांनाही स्थिर मालक नव्हता. जहाज आले तर काम, नाही तर नाही. १९४८ च्या गोदी कामगार अधिनियमाने त्यांची नोंदणी करून मंडळामार्फत काम व वेतन देण्याचा मार्ग खुला केला. हेच तत्त्व महाराष्ट्राने बाजारपेठांना लागू केले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ संमत झाला. पुण्यात त्याच्या अंमलबजावणीसाठी हमाल पंचायतीला दीर्घकाळ झगडावे लागले.

या कायद्याची खरी करामत त्याच्या हिशेबपद्धतीत आहे. व्यापारी आणि हमाल दोघेही मंडळाकडे नोंदले जातात. मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. त्यांपैकी मालक व कामगार यांची संख्या समान ठेवलेली आहे. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातावर ठेवायची नसून ती मंडळाकडे भरायची आणि तिच्यासोबत ठराविक टक्केवारीने लेव्ही द्यायची. टोळीने केलेल्या कामाची एकूण रक्कम टोळीतील सभासदांच्या हजेरीप्रमाणे वाटली जाते. निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा हे लाभ लेव्हीतून उभे राहतात. दहा व्यापाऱ्यांकडून आलेल्या दहा लहान रकमा अशा रीतीने एका पगारात जमा होतात. नगावर मजुरी घेणाऱ्याच्याही आयुष्यात हजेरीला अर्थ येतो, तो येथे.

कारखान्यातील वेतनाच्या केंद्रीकरणाशी याची तुलना केल्यास एक महत्त्वाचा फरक आढळतो. कारखान्यात कामगार आधी कामगार असतो आणि नंतर त्याचे नाव मस्टरवर चढते. तेथे टाइम ऑफिस हे बव्हंशी मालकाच्या नियंत्रणाचे साधन होते. उशिरा आल्यास पगार कापणे हे त्याचे पहिले काम. मंडईत याउलट घडले. हमालाचे नाव नोंदवहीत आले म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने तो कामगार झाला. 'असंरक्षित कामगार' ही या अधिनियमातील संज्ञा बारकाईने वाचली तर हे स्पष्ट होते. ती एका मालकाशी असलेल्या संबंधावर आधारलेली नसून अनुसूचित रोजगारात केलेल्या अंगमेहनतीच्या कामावर आधारलेली आहे. ज्याला अनेक अभ्यासक निव्वळ कारकुनी बाब समजतात, त्या पगारपत्रकाने येथे नोकरीच निर्माण केली.

अर्थात या व्यवस्थेची कक्षा अनुसूचीपुरतीच आहे. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या नियंत्रित बाजारातील चढउताराचे काम अनुसूचीत समाविष्ट आहे. मंडईतील घाऊक व्यापार कालांतराने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तेव्हा नोंदणीकृत कामाचा गुरुत्वमध्यही त्याच्याबरोबर तिकडे सरकला. किरकोळ गाळ्यांपर्यंत पाटी किंवा हातगाडी नेणाऱ्याची मजुरी मात्र रोख आणि हातोहात चुकविण्याची जुनी रीतच राहिली. एकाच भाजीच्या प्रवासात यार्डातील हमाल पगारपत्रकावर आणि मंडईच्या दारातील हमाल त्याबाहेर, असे चित्र त्यातून निर्माण झाले.

केंद्रीकरण नेहमीच कामगारांच्या हिताचे असते, असाही निष्कर्ष येथून काढता येत नाही. २०१८ च्या प्रारंभी राज्यातील छत्तीस माथाडी मंडळांचे विलीनीकरण करून एकच मंडळ स्थापण्याचा विचार शासनाने पुढे आणला. खर्चात बचत आणि कारभारात एकसूत्रता हे त्याचे समर्थन होते. त्या वर्षी जानेवारीत माथाडी संघटनांनी संप पुकारून त्यास विरोध केला. वही व्यापाऱ्याच्या गादीवरून मंडळाच्या कचेरीत नेण्यासाठी ज्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांनाच ती वही आणखी दूर जाणे मान्य नव्हते. आपल्या बाजारातील मंडळावर आपल्या ओळखीचा प्रतिनिधी बसतो, चुकलेली हजेरी त्याच आठवड्यात दाखवून दुरुस्त करता येते आणि साठलेल्या निधीचा हिशेब समोर बसून विचारता येतो, हा त्यांचा अनुभव होता.