जालबद्ध पर्जन्यमान : सरासरी व नकाशांकन (पेण-रोहा)

अक्षांश-रेखांशांच्या समान अंतरावरील बिंदूंवर मांडलेल्या पावसाच्या आकड्यांवरून एखाद्या क्षेत्राची सरासरी काढणे व ते आकडे नकाशावर दाखविणे. रायगड जिल्ह्यातील पेण (सु. १८° ४४′ उ.) आणि रोहा (सु. १८° २६′ उ.) यांच्यात अक्षांशाचा फरक जेमतेम १८ कलांचा, म्हणजे सु. ३३ किमी. आहे.

आधारसामग्री : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील शास्त्रज्ञांनी १९०१ पासूनच्या दैनिक पावसाची पाव अंशाची जाळी तयार केली. डी. एस. पै व सहकाऱ्यांनी तिचे वर्णन ‘मौसम’ या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. तीत ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरल्या असून शेपर्ड पद्धतीने अंतर्वेशन केले आहे. या पद्धतीत जवळच्या केंद्राला अधिक वजन मिळते. जाळी ६·५° ते ३८·५° उ. आणि ६६·५° ते १००° पू. अशी पसरली असून तीत १३५ × १२९ बिंदू आहेत. सर्व वर्षांत केंद्रांची संख्या सारखी नसल्याने दीर्घकालीन कल जपूनच काढावे लागतात.

अक्षांशभार : रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येतात, त्यामुळे प्रत्येक बिंदूभोवतीच्या चौकटीची पूर्व-पश्चिम रुंदी अक्षांशाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. पाव अंशाची चौकट ८° उत्तरेस सु. ७६० चौ. किमी., पेण-रोह्याजवळ ७३० आणि ३४° उत्तरेस, लडाखमध्ये, ६४० चौ. किमी. भरते. देशाची सरासरी काढताना प्रत्येक आकड्याला कोज्येने गुणून एकूण भाराने भागणे म्हणूनच अनिवार्य आहे. पेण व रोह्याच्या चौकटींतील फरक मात्र सु. ०·१५ टक्के इतकाच असल्याने तो येथे सोडून देता येतो.

स्थानिक अडचणी : या परिसरात खरी चूक अक्षांशातून येत नाही. दोन्ही गावे ७३·१२५° पू. या चौकटींच्या शिवेला लागून आहेत. तिच्या पश्चिमेस धरमतर खाडी व किनारपट्टी, पूर्वेस सह्याद्रीचा पायथा. पाऊस घाटाकडे झपाट्याने वाढतो. त्यामुळे ‘सर्वांत जवळचा बिंदू’ घेतला की पेणच्या नावावर किनाऱ्याचा पाऊस पडतो. तालुक्याची सरासरी काढताना प्रत्येक चौकटीचा तालुक्यात येणारा हिस्सा भार म्हणून धरणे श्रेयस्कर. एका चौकटीत किती दडू शकते याचे ठळक उदाहरण २६ जुलै २००५ चे : सांताक्रूझला ९४४ मिमी., तर पाव अंशाहून कमी अंतरावरील कुलाब्याला सु. ७४ मिमी. समुद्रावरील व देशाबाहेरील बिंदूंवर −९९९ ही रिक्ततादर्शक संख्या असते. ती आधी वगळली नाही तर किनारी तालुक्यांची सरासरी ऋण येते.

नकाशांकन : आकडा चौकटीच्या मध्याचा असतो. तो कोपऱ्याचा मानून रंग भरल्यास नकाशा उत्तर-दक्षिण सु. १४ किमी. सरकतो, म्हणजे पेण ते रोहा अंतराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. फाइलमधील पहिली ओळ दक्षिणेची असल्याने तीच चित्राच्या माथ्यावर ठेवल्यास नकाशा उलटा उमटतो. मर्केटर प्रक्षेपावर लडाखची प्रत्यक्षात लहान असलेली चौकट पेणच्या चौकटीहून मोठी दिसते. देशव्यापी पर्जन्यनकाशासाठी समक्षेत्र प्रक्षेप घ्यावा.

उपग्रहीय जाळ्या : उपग्रहांच्या नोंदींवरून केलेल्या ‘आयमर्ग’ या पर्जन्यजाळीतील बिंदूंचे अंतर ०·१ अंश, म्हणजे वरील पाव अंशाहून कमी, आहे.